भारतातलं कुटुंब आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स: नातेवाईकांची माहिती किती आणि कशी द्यायची?

निशिगंध (धागाकर्ती)

बरीच वर्षं वाचनमात्र होते. धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही अडचणीत आहे म्हणून.

मी मेरीलँडला असते. २००९ मध्ये एमएस करायला आले, २०२१ मध्ये अमेरिकन नागरिक झाले. नवराही नागरिक आहे, मुलगी इथेच जन्मलेली. सहा वर्षांपासून ज्या कंपनीत आहे तिथे मला संरक्षण खात्याच्या एका प्रोजेक्टवर घ्यायचं चाललंय. त्यासाठी सीक्रेट लेव्हलचा क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागतो. कंपनीने स्पॉन्सर केलं, ई-ॲपची लिंक आली आणि एसएफ-८६ हा शंभराहून जास्त पानांचा फॉर्म समोर आला.

स्वतःची माहिती दोन संध्याकाळींत भरून झाली. राहिलेली घरं, नोकऱ्या, कॉलेज. अडले ती सेक्शन १८ ला. आई, वडील, भावंडं, मुलं, सासू, सासरे, अगदी हयात नसलेलेसुद्धा. प्रत्येकाचा जन्म कधीचा, कुठला, नागरिकत्व कुठलं, राहतात कुठे, कामाला कुठे, शेवटचं बोलणं कधी झालं, कसं बोलता, किती वेळा बोलता. आणि शेवटी एक प्रश्न: ही व्यक्ती परदेशी सरकार, सैन्य, सुरक्षा दल, संरक्षण उद्योग किंवा गुप्तचर संस्थेशी संबंधित आहे का?

आईला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते, ती चहा गाळत होती. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, "कुठली सांगू? शाळेतली का खरी?" शाळेतली १ जून, नाव घालताना गुरुजींनी लावलेली. खरी तिलाही माहीत नाही. "पोळ्याच्या दोन दिवस आधी, असं आत्या म्हणायची," एवढंच तिच्याकडे आहे. मी पेन हातात धरून बसले होते. आपल्या आईचा वाढदिवस आपल्याला माहीत नाही हे असं एका सरकारी फॉर्ममुळे कळावं, याचं फार वाईट वाटलं.

पण खरी अडचण दादाची आहे. तो अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे, २२ वर्षं झाली. म्हणजे त्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर "हो". दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "माझं नावच घालू नकोस. तुलाही त्रास, मलाही. त्यांना काय कळणार आहे?" नवरा म्हणतो प्रोजेक्टच सोडून दे.

दादामुळे माझा क्लिअरन्स नाकारला जाईल का? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

कोयनाकाठ

आधी एकच गोष्ट: दादांचं नाव घाला. बाकीचं सावकाश बोलू.

मी व्हर्जिनियात, क्लिअरन्स घेऊन १४ वर्षं झाली. आधी सीक्रेट, पुढे टॉप सीक्रेट. माझे आईबाबा, दोन्ही बहिणी, सगळं सासर साताऱ्याकडे आहे आणि त्यांतलं एकही माणूस अमेरिकन नागरिक नाही. मला नाकारलं नाही, माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना नाकारलं नाही. पण घाबरू नका एवढं सांगून तुमचं काम होणार नाही, म्हणून निर्णय कसा होतो ते लिहितो.

ज्या नियमांवर निर्णय होतो ते जाहीर आहेत. सीड-४ म्हणतात, म्हणजे क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवायचे सरकारी निकष, ८ जून २०१७ पासून लागू. त्यात ए पासून एम पर्यंत १३ गाइडलाइन्स आहेत. आपली गाठ पडते ती गाइडलाइन बी शी, म्हणजे फॉरेन इन्फ्लुअन्सशी. ती नीट वाचा, कारण तिथे नुसतं परदेशी नातेवाईक असणं हा दोष मानलेला नाही. ते नातं "वाढीव धोका" तयार करतं का, हा प्रश्न आहे. तुमच्या माणसाला धमकावून, आमिष दाखवून किंवा त्याच्या भल्याची भीती घालून कोणी तुमच्याकडून माहिती काढू शकेल का, एवढं त्यांना बघायचं असतं.

मग ते तीन बाजूंनी बघतात. देश कुठला: तिथलं सरकार कसं आहे, अमेरिकेशी संबंध कसे, तिथे हेरगिरी किंवा दहशतवादाचा त्रास किती, माणसांवर जबरदस्ती होते का. नातेवाईक कोण: सरकारवर पोट आहे का, पद काय, हाताखाली काय येतं. आणि तुम्ही कोण: इथे तुमची मुळं किती खोल गेलीत.

या तिसऱ्याकडे आपले लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. गाइडलाइन बी मध्ये धोका कमी करणाऱ्या बाबींची यादी आहे, त्यात एक अशी की अर्जदाराचे अमेरिकेशी संबंध इतके खोल आणि जुने आहेत की हितसंबंधांचा पेच आला तर तो अमेरिकेच्या बाजूने सोडवेल असं मानता येतं. तुमचं घर इथे, मुलगी इथली, नवरा नागरिक, निवृत्तीचे पैसे इथे, १५-१६ वर्षं कर भरलेत. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे आणि ते तुम्हीच मांडायचं असतं. तुमच्यावतीने कोणी मांडत नाही.

एक कडू भागही सांगतो. क्लिअरन्स हा कोणाचाच हक्क नाही. सुप्रीम कोर्टाने १९८८ च्या नेव्ही विरुद्ध ईगन खटल्यात ते स्पष्ट केलंय. शंका उरली तर ती तुमच्या विरुद्ध जाते. कोर्टकचेरीत आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं असतं, इथे समाधान तुम्ही करून द्यायचं.

जन्मतारखेचं सोपं आहे. तारखेशेजारी अंदाजे म्हणून एक चौकोन असतो, त्यात खूण करा आणि खाली टिपणात "शाळेच्या दाखल्यावरची तारीख" असं लिहा. माझ्या सासऱ्यांचीही १ जूनच आहे. मुलाखत घेणाऱ्या सरकारी इन्व्हेस्टिगेटरने आधी ते ऐकलेलं होतं.

रानजाई

माझाही १ जूनवाल्या आईचा अनुभव. +१. शिवाय बाबांच्या आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि पेन्शनच्या कागदांवर दुसरं. दोन्ही लिहिली, कोणी काही म्हणालं नाही.

सह्याद्रीपार

मला वेगळं सुचवायचं आहे, रागावू नका. माझ्या एका सीनियरने मला सांगितलं होतं की अर्ज करायच्या आधी वर्षभर भारतात बोलणं कमी कर, फॅमिली व्हॉट्सॲप ग्रुप सोड, म्हणजे "संपर्क किती वेळा" ला खरोखरच "क्वचित" लिहिता येईल. खोटं नाही लिहायचं, वस्तुस्थितीच बदलायची. मी आठवड्याचा फोन महिन्यावर आणला होता. निशिगंध यांनीही विचार करावा.

कोयनाकाठ

@सह्याद्रीपार, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण या सल्ल्याचा मला मनापासून विरोध आहे. एका अर्जासाठी आईशी बोलणं कमी करायचं? आणि मिळणार काय?

हा धोका भेटींच्या संख्येवर मोजत नाहीत. आई, वडील, भाऊ यांच्याबद्दल आपल्याला माया असणारच, हे गृहीत धरूनच ते सुरुवात करतात. महिन्यातून एकदा बोलता म्हणून माया कमी झाली असं कोणी मानत नाही. किरकोळ, अधूनमधूनच्या संपर्काला सूट आहे ती शेजारी, जुने वर्गमित्र, दूरची माणसं यांच्यासाठी. उलट मुलाखतीत विचारलं, "आठवड्यावरून महिन्यावर का आलात?" तर काय सांगणार? खरं सांगितलं तर अर्जासाठी वागणं बदललं असं दिसतं, आणि नाही सांगितलं तर ते खोटं.

व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल: सेक्शन १९ मध्ये परदेशी माणसांशी गेल्या ७ वर्षांतला जवळचा किंवा सततचा संपर्क विचारतात, ज्यांच्याशी तुम्ही किंवा तुमचा जोडीदार माया, प्रभाव, समान हित किंवा बांधिलकी यांनी जोडलेले आहात. ग्रुपमधल्या ४७ जणांची यादी द्यायची नसते. पण जी मावसबहीण दर रविवारी फोन करते, जिच्या मुलीच्या फीला तुम्ही हातभार लावता, ती सेक्शन १८ मध्ये बसत नाही म्हणून सुटत नाही. तिचं नाव १९ मध्ये यायला हवं. मी माझ्या एका चुलतभावाचं आणि बालमित्राचं नाव तिथे लिहिलं होतं.

सह्याद्रीपार

समजलं. मी स्वतः तो वर्षभराचा काळ आठवतोय, आई सारखी विचारायची "काही झालंय का रे?". तेव्हा कोणी हे सांगायला हवं होतं.

माळरान

बऱ्याच वेळा लिहायला घेतलं आणि पुसलं. पण निशिगंध यांच्या दादांनी जे सांगितलं तेच मी केलं होतं, म्हणून लिहितो.

माझ्या बायकोचा सख्खा भाऊ भारतीय सैन्यात आहे. मेहुणा सेक्शन १८ च्या यादीत येत नाही, तिथे सासू-सासऱ्यांपर्यंतच आहे. मी तेवढ्यावर सुटलो असं समजलो. पण आमचं त्याच्याशी चांगलं जमतं, दोनदा तो इथे येऊन राहून गेलेला, आमच्या मुलाची मुंज त्याच्या घरी झाली. तो १९ मध्ये यायला हवा होता. मला ते माहीत होतं. मी फॉर्म भरताना त्या प्रश्नावर थांबलो होतो, "नाही" वर क्लिक केलं आणि पुढे गेलो.

इन्व्हेस्टिगेटर समोर बसली होती. तिने विचारलं, "सेक्शन १९ मध्ये काही राहिलंय का?" मी म्हटलं, नाही. मग तिने परदेश प्रवास काढले, कुठे राहिलात, कोणाकडे. मी मेहुण्याचं गाव सांगितलं. "हे कोण?" मी सांगितलं. तिने वर बघितलंसुद्धा नाही, लिहीत राहिली.

पुढे जे पत्र आलं त्यात गाइडलाइन बी होतीच, पण मुख्य मुद्दा गाइडलाइन ई होता, पर्सनल कंडक्ट. मुद्दाम माहिती दडवली. सैन्यातला मेहुणा असणं समजावून सांगता आलं असतं. "नाही" वर केलेलं क्लिक नाही आलं. क्लिअरन्स नाकारला गेला, कंपनीकडे माझ्यासाठी दुसरं काम नव्हतं. त्यानंतर वर्षभर पुन्हा अर्जही करता येत नाही. बायकोला आजही वाटतं की तिच्या भावामुळे झालं. त्याच्यामुळे नाही झालं हे तिला किती वेळा सांगितलं तरी ते तिच्या मनातून जात नाही.

फॉर्मवर सही करताना खाली छापलेलं असतं की जाणूनबुजून खोटी माहिती हा फेडरल गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्यावर खटला झाला नाही. पण ते वाक्य वाचा.

रानजाई

माळरान, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. सोपं नसणार.

निशिगंध

माळरान, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. दादाचं नाव घालतेय. त्यालाही कळवलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग सगळं बरोबर लिही, पदाचं नाव चुकवू नकोस."

आता उरलेल्या शंका. आईबाबा दरवर्षी ५-६ महिने येऊन राहतात. त्यांच्या ग्रीन कार्डचा अर्ज मी दोन वर्षांपूर्वी भरलाय. बाबांच्या औषधांसाठी महिन्याला पैसे पाठवते, भारतात एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) बँक खातं आहे, ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. हे सगळं विरुद्ध जाणार का?

शुभदा_व्हीए

मी एका लहान कंत्राटदार कंपनीत एफएसओ म्हणून काम करते, म्हणजे फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर. तुमच्या कंपनीतही एक असतील, त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. आम्ही मंजुरी देत नाही, निर्णय डीसीएसए ही संरक्षण खात्याची तपासणी संस्था करते. पण फॉर्म अर्धवट गेला तर परत येतो आणि महिने वाया जातात, ते आम्ही टाळू शकतो.

आईवडिलांना पैसे पाठवणं: सेक्शन २० मध्ये परदेशी नागरिकाला आर्थिक मदत केली आहे का हा प्रश्न आहे. हो लिहा, अंदाजे रक्कम आणि कारण लिहा. मुलगी आईवडिलांना औषधाला पैसे पाठवते यात कोणाला काही खटकत नाही. खटकतं ते बँकेच्या नोंदीत दिसतं आणि फॉर्मवर नसतं तेव्हा. ग्रीन कार्डचा अर्ज: ७ वर्षांत कोणा परदेशी नागरिकाला इथे येण्यासाठी स्पॉन्सर केलं का, हाही प्रश्न तिथेच आहे. हो. आणि हा मुद्दा खरं तर तुमच्या बाजूचा आहे. आईवडील इथे येऊन स्थायिक झाले तर तिकडचा ताण कमीच होतो.

एनआरओ खातं सेक्शन २० मध्ये येईल. त्याबरोबर एक विचारते: दरवर्षी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरता ना? परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर तो भरावाच लागतो. आपल्या लोकांचं बी पेक्षा इथे जास्त अडतं, कारण मग गाइडलाइन एफ, म्हणजे पैशाचे व्यवहार, उघडते. राहिला असेल तर आजच कर सल्लागाराकडे जा, मुलाखतीची वाट बघू नका.

ओसीआय: भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय हे नाव असलं तरी नागरिकत्व नाही. मत देता येत नाही, घटनात्मक पद मिळत नाही. पण नावात "सिटिझन" शब्द असल्याने बघणाऱ्याचा गोंधळ होतो. कार्ड आहे हे टिपणात सांगा आणि ते काय आहे ते दोन ओळींत लिहा. जुना भारतीय पासपोर्ट सेक्शन १० मध्ये लिहायचा आणि सरेंडर सर्टिफिकेट, म्हणजे तो पासपोर्ट परत केल्याचा दाखला, जवळ ठेवा. २०१७ च्या आधी परदेशी पासपोर्ट जवळ असणं हाच दोष धरला जायचा, सीड-४ ने ते बदललं. आता नुसता असण्यापेक्षा तो न सांगणं गंभीर आहे.

आणखी एक. तात्पुरता, म्हणजे इंटरिम क्लिअरन्स मिळाला नाही तर खचू नका. परदेशी नातेवाईक असले की तो बऱ्याचदा अडतो. तो नकार नसतो, फक्त पूर्ण तपासणी होईपर्यंत थांबा असं.

भातखाचर

अवांतर वाटेल, पण या धाग्यावर असायला हवं. सातबारा.

वडील गेल्यावर भावाने गावी वारसनोंद केली. तलाठ्याने फेरफार घातला आणि सातबाऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलं. मला कोणी सांगितलं नाही, त्यात भावाचा काही दोष नाही, वारस म्हणून नाव लागतंच. मी सेक्शन २० मध्ये परदेशातल्या मालमत्तेला प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं.

मुलाखतीच्या दोन आठवडे आधी भावाने सहज फोटो पाठवला, "बघ, तुझं नाव आलंय." त्या कागदावर माझं माहेरचं नाव, बाबांचं नाव आणि एकत्रित क्षेत्र ३ एकर काहीतरी. मला आनंद व्हायला हवा होता, बाबांच्या जमिनीवर माझं नाव. मला घाम फुटला.

एफएसओला त्याच दिवशी कळवलं. मुलाखतीला बसल्यावर पहिलं वाक्य हेच बोलले: फॉर्म भरला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे, हा कागद आणि हे त्याचं इंग्रजी भाषांतर. इन्व्हेस्टिगेटरने किंमत विचारली, तिथून उत्पन्न येतं का विचारलं (नाही, भाऊ कसतो), ती विकून इथे पैसे आणायचा विचार आहे का विचारलं. इथलं घर आणि निवृत्ती खात्यापुढे त्या जमिनीतला माझा हिस्सा फारच लहान आहे. मालमत्तेची किंमत इतकी कमी असेल की तिच्यामुळे दबाव येणं संभवत नाही, तर ती सूटही गाइडलाइनमध्ये आहे. मला क्लिअरन्स मिळाला.

काही जणांनी हक्कसोडपत्र कर असं सुचवलं होतं. मी नाही केलं. ज्यांचे वडील गेले आहेत त्यांनी फॉर्म भरायच्या आधी गावी एकदा सातबारा बघायला सांगा, ऑनलाइन दिसतो.

शुभदा_व्हीए

भातखाचर, हे मी आमच्या लोकांना सांगणार आहे. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

नांगरट

कोणी सुनावणीपर्यंत गेलेलं दिसत नाही, म्हणून माझं लिहितो. मी सगळं खरं लिहूनही पत्र आलं.

माझे सासरे निवृत्त पोलीस अधिकारी, साडू केंद्र सरकारच्या एका खात्यात. बायको तेव्हा ग्रीन कार्डवर होती. आठ महिन्यांनी एसओआर आलं, स्टेटमेंट ऑफ रीझन्स. बी खाली चार परिच्छेद, प्रत्येक नातेवाईक वेगळा. पहिल्यांदा वाचताना आपल्याच माणसांवर आरोपपत्र निघाल्यासारखं वाटतं. तसं नसतं. हे हे मुद्दे आम्हाला खटकतात, उत्तर द्या, इतकंच. उत्तराला २० दिवस असतात. नुसतं लेखी उत्तर द्यायचं की सुनावणी मागायची हे तेव्हाच ठरवायचं. मी सुनावणी मागितली आणि वकील केला.

संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांची सुनावणी डोहा नावाच्या कार्यालयापुढे होते, तिथे न्यायाधीश असतात आणि सरकारचा वकील असतो. त्यांचे निकाल नावं काढून इंटरनेटवर टाकलेले असतात. मी भारताशी संबंधित असलेले वीसेक वाचून काढले. प्रत्येकाने वाचावेत. एकाच देशातले, जवळपास सारखेच नातेवाईक, आणि एकाला मिळालेला, दुसऱ्याला नाही. फरक बहुतेक वेळा अर्जदाराच्या इथल्या आयुष्यात आणि त्याने माहिती कशी दिली त्यात दिसला.

माझी पहिली चूक वकिलाने वेळीच थांबवली. "सासरच्यांशी माझा फारसा संबंध नाही" असं मी उत्तरात लिहिलं होतं. तो म्हणाला, हे खोडून टाका. बायकोच्या आईवडिलांबद्दल तुम्हाला बांधिलकी आहे असं ते गृहीत धरतात, आणि ते खरंही आहे. त्यापेक्षा सासऱ्यांचं पद काय होतं, निवृत्त कधी झाले, तुमच्या कामाबद्दल त्यांना किती माहीत आहे, हे लिहा.

सुनावणीला सरकारी वकिलाने मला विचारलं: तुमच्या सासऱ्यांना कोणी उचलून नेलं आणि तुमच्याकडे माहिती मागितली, तर काय कराल? पाठ केलेलं उत्तर तयार होतं, पण बायको मागे बसली होती आणि ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, मला प्रचंड त्रास होईल, मी झोपणार नाही, आणि मी पहिला फोन माझ्या एफएसओला आणि एफबीआयला करेन, कारण सासऱ्यांना वाचवण्याची ताकद त्यांच्याकडे आहे, माझ्याकडे नाही. न्यायाधीश बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझ्या मॅनेजरने साक्ष दिली, इथल्या ज्या फूड बँकेत मी नऊ वर्षं जातो तिथल्या बाईंनी दिली. तीन महिन्यांनी निकाल माझ्या बाजूने आला. विरुद्ध गेला असता तर अपिलाची नोटीस १५ दिवसांत द्यावी लागते. आणि अपिलात नवा पुरावा घेत नाहीत, म्हणून जे आहे ते सगळं पहिल्याच वेळी पुढे ठेवा.

कोयनाकाठ

नांगरट, निकाल वाचण्याबद्दल पूर्ण सहमत. फक्त निशिगंध यांना एक सांगतो, ते निकाल म्हणजे अडलेलीच प्रकरणं असतात. ज्यांना सरळ मिळतो त्यांचा निकाल कुठे छापून येत नाही. ते वाचून सगळ्यांचंच अडतं असं वाटायला लागतं.

निशिगंध

धागा वर काढतेय, नऊ महिन्यांनी. मला क्लिअरन्स मिळाला, गेल्या गुरुवारी कळलं.

इंटरिम मिळाला नव्हता, शुभदाताईंनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून धीर धरला. सीक्रेटसाठी मुलाखत प्रत्येकाची होत नाही, माझी झाली. पावणेदोन तास, त्यातला तास तरी दादावर. तो नेमकं काय करतो? मी सांगितलं की तो मशीन शॉपमध्ये चार्जमन आहे, काय बनवतात ते मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. त्याला माझ्या कामाबद्दल काय माहीत आहे? कंपनीचं नाव, आणि मी कॉम्प्युटरवर काम करते इतकंच. त्याने कधी माझ्या कामाबद्दल काही विचारलं का? मी म्हटलं, तो विचारतो तो फक्त माझी पाठ दुखायची थांबली का. इन्व्हेस्टिगेटर गृहस्थ वयस्कर होते, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, माझी बहीणही तेच विचारते.

आईच्या जन्मतारखेलाही पाच मिनिटं गेली. पोळा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

एफबार दोन वर्षांचा राहिला होता. शुभदाताईंचा प्रतिसाद वाचल्यावर लगेच सल्लागाराकडे जाऊन भरला आणि तसं मुलाखतीत आपणहून सांगितलं. तुम्हा सगळ्यांचे, विशेषतः माळरान यांचे, मनापासून आभार.

आता एकच विचारायचंय. दादाच्या मुलाची मुंज डिसेंबरमध्ये आहे. जायचं तर काय करावं लागतं?

शुभदा_व्हीए

अभिनंदन! खूप आनंद झाला.

क्लिअरन्स मिळाल्यावर सीड-३, म्हणजे काय काय कळवायचं याचा नियम, लागू होतो, आम्हा कंत्राटदारांसाठी ते २०२१ पासून निसपॉम या कंत्राटदारांच्या सुरक्षा नियमावलीत आलंय. खासगी परदेश प्रवास निघायच्या आधी कळवायचा. तारखा, कुठे राहणार, विमानं, पासपोर्ट, सगळं एफएसओकडे द्या. निघण्यापूर्वी छोटं ब्रीफिंग होईल. परत आल्यावर कोणी कामाबद्दल विनाकारण खोलात विचारलं असेल तर तेही कळवा. पूर्वी सीक्रेटवाल्यांची १० वर्षांनी आणि टॉप सीक्रेटवाल्यांची ५ वर्षांनी फेरतपासणी व्हायची, आता नोंदी सतत तपासल्या जातात, तेव्हा नंतर सांगू असं काही ठेवू नका.

दादांच्या घरी उतरणार असाल तर पत्त्यात त्यांचं घरच लिहा. हॉटेल लिहू नका.

निशिगंध

दादाकडेच उतरणार. तिकिटं काढायच्या आधी एफएसओंना ईमेल करते. दादाने आत्ताच मुहूर्त पाठवलाय, १२ डिसेंबर, सकाळी ९ वाजून ४० मिनिटं.